‘न्यू’ या नावाआड दडलेले काम: गो भाषेतील कन्स्ट्रक्टरच्या संकेतांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातील एका मासेमारी जेटीवर ट्रॉलरमधून उतरणाऱ्या मासळीचे वजन, बोटमालकाचे नाव, त्या दिवसाचा दर आणि व्यापाऱ्याची उधारी यांची नोंद ठेवणारी एक प्रणाली आमची पाच जणांची टीम पणजीहून चालवते. पूर्वी हे काम मुनीम लांब वहीत करत. आता काट्याशेजारी टॅबलेट असतो आणि त्यावर भरलेली नोंद सर्व्हरवरील पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाते. सर्व्हरचा सगळा कोड गो या प्रोग्रामिंग भाषेत आहे. टीममधील तिघे आधी बरीच वर्षे जावामध्ये काम करत होते आणि प्रकरण घडले तेव्हा एक अभियंता नुकतीच रुजू झाली होती. व्यक्ती, जेटी व संस्था यांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत.

गोमध्ये कन्स्ट्रक्टर (नवी वस्तू तयार करून देणारा कोडचा भाग) अशी वेगळी भाषिक सोय नाही, हे आधी सांगायला हवे. जावात क्लासच्याच नावाचा कन्स्ट्रक्टर असतो आणि तो काय आहे हे कंपायलरला ठाऊक असते. गोमध्ये मात्र एखादा स्ट्रक्ट (अनेक फील्ड मिळून बनलेली वस्तू) तयार करून परत देणारे कोणतेही साधे फंक्शन हाच कन्स्ट्रक्टर, आणि त्याचे नाव कॅपिटल अक्षराच्या ‘न्यू’ने सुरू करणे हा निव्वळ संकेत आहे. एकाच नावाची दोन फंक्शन लिहिण्याची मुभा नाही, पॅरामीटरला आपोआप मिळणारी किंमतही नाही. म्हणूनच प्रमाणित लायब्ररीतील बफआयओ पॅकेजमध्ये ‘न्यूरीडर’ आणि बफरचा आकार सांगता येणारा ‘न्यूरीडरसाइझ’ अशी दोन वेगळी नावे दिसतात. कन्स्ट्रक्टर नेमके काय करतो हे कॉल करणाऱ्याला कळण्याची जागा म्हणजे त्याचे नाव, त्याचे पॅरामीटर आणि तो परत काय देतो, एवढीच.

या लेखात फंक्शनांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, पण कोडमध्ये ती तशी चालणार नाहीत. गोमध्ये नावाचे पहिले अक्षर कॅपिटल असेल तरच ते पॅकेजबाहेर दिसते, आणि आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही. शिवाय काना, मात्रा, वेलांटी यांना भाषेचे व्याकरण अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘वजन’ हे नाव स्वीकारले जाते, पण ‘काटा’ नाकारले जाते.

अडचण

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या ६१ दिवसांत जेटी शांत असते, आणि आमच्यासाठी हीच मोठ्या बदलांची वेळ. त्या वर्षी बंदीच्या काळात आम्ही एक नवा अहवाल जोडला: बोटमालकाने मोबाइलवर उघडायचा, बोटनिहाय दिवसाचा हिशेब. तो नव्या अभियंतीने लिहिला. मी तो तपासला आणि मुख्य कोडमध्ये मर्ज केला.

१ ऑगस्टला हंगाम सुरू झाला. पहिले ट्रॉलर परत येऊ लागले तसा भार वाढत गेला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे जेटीवरून मुनिमांचा फोन आला. “बाब, काटा चालतोय, पण नोंद चढत नाही. नुसतं गोल गोल फिरतंय.” बांगड्यांचे क्रेट ओळीने लागले होते, बर्फ वितळून पाणी धक्क्यावर वाहत होते आणि व्यापाऱ्यांचे टेम्पो उभे होते. मुनिमांनी थर्मोकोलच्या पेटीचे झाकण उलटे केले आणि त्यावर पेन्सिलीने वजने लिहायला सुरुवात केली. त्या झाकणाचा फोटो नंतर आमच्याकडे आला. त्यावरील प्रत्येक ओळ आम्ही हाताने प्रणालीत भरली.

सर्व्हरच्या लॉगमध्ये पोस्टग्रेसची एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती: उरलेली कनेक्शन सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या प्रशासकासाठी, राखीव आहेत. सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळे सुरळीत होई आणि काही वेळाने तीच तक्रार परत येई.

शोध

अहवालाचा हँडलर (मोबाइलवरून आलेल्या विनंतीला उत्तर देणारे फंक्शन) प्रत्येक विनंतीला ‘न्यूकॅचस्टोअर’ हे फंक्शन कॉल करत होता. हे फंक्शन टीमच्या सुरुवातीच्या दिवसांत लिहिलेले होते. ते कॉन्फिग घेई आणि स्टोअर व एरर परत देई. आत मात्र ते तीन कामे करत होते: डेटाबेसचा कनेक्शन पूल (पुन्हा पुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा) उघडणे, पिंग करून जोडणी तपासणे आणि दर काही मिनिटांनी बाजारभाव ताजे करणारे एक गोरूटीन (बाकी कोडच्या बरोबरीने चालत राहणारे काम) सुरू करणे. जुन्या कोडमध्ये ते ‘मेन’मधून, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमधून, एकदाच कॉल होत असल्याने कधी त्रास झाला नव्हता. आता प्रत्येक विनंतीला एक नवा पूल जन्माला येत होता आणि तो कोणी बंद करत नव्हते.

पुढचे गणित सरळ आहे. पोस्टग्रेसमध्ये एकूण कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते आणि त्यातील ३ सुपरयूजरसाठी राखीव असतात, म्हणजे आपल्या वाट्याला ९७. पिंगमुळे प्रत्येक नव्या पूलचे एक कनेक्शन उघडे राही. गोच्या डेटाबेस पॅकेजमध्ये कनेक्शनच्या आयुष्याला मुळात मर्यादा नसते, आणि पूल उघडताना तो स्वतःचे एक गोरूटीन चालू करत असल्याने वापरात नसलेला पूल गार्बेज कलेक्टरच्याही (नको असलेली स्मृती मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्याही) हाती लागत नाही. शंभराच्या आत विनंत्या झाल्या की दार बंद. जुना, नीट लिहिलेला नोंदीचा कोडही का अडला, तेही पुढे उमगले: पूल मुळात दोनच निवांत कनेक्शन जपून ठेवतो, त्यामुळे गर्दीत तो कनेक्शन सोडतो आणि लगेच नवी मागतो, आणि त्या क्षणी पोस्टग्रेसकडे नवी देण्यासारखी उरलेली नव्हती.

बंदीच्या काळात हे का दिसले नाही? अहवाल दिवसातून चार-दोन वेळा उघडला जाई, आणि आम्ही जवळजवळ रोज नवी आवृत्ती चढवत होतो. प्रत्येक वेळी प्रोसेस पुन्हा सुरू होई आणि साचलेली कनेक्शन आपोआप सुटत. आमच्या कामाच्या वेगानेच गळती झाकून ठेवली होती.

दुपारी आम्ही बसलो तेव्हा नव्या अभियंतीने जे सांगितले त्यावर पुढची सगळी चर्चा उभी राहिली. “सर, मी आपल्या कोडमधली ‘न्यू’ची इतर फंक्शन पाहिली होती. ‘न्यूबोट’, ‘न्यूपावती’, सगळी फक्त स्ट्रक्ट भरून देतात. हेही तसंच असेल असं धरलं.” तिने धरले ते चुकीचे नव्हते. एरर परत येते, हा इशारा होता असे कोणी म्हणेल. पण प्रमाणित लायब्ररीतील ‘न्यूरिक्वेस्ट’सुद्धा पत्ता चुकीचा असेल तर एरर देते आणि नेटवर्कला हातही लावत नाही. म्हणजे आमच्या नावाने तिला खोटे सांगितले होते, आणि तपासताना त्याच नावाने मलाही.

पर्याय

हँडलर दुरुस्त करून थांबणे हा पहिला पर्याय होता. तो संध्याकाळच्या आत पुरा झालाही: स्टोअर ‘मेन’मध्ये एकदाच तयार करून हँडलरला देणे, बस. पण नाव तसेच राहिले तर पुढचा माणूस तिथेच अडखळणार, हे सर्वांना मान्य होते.

आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याचा आग्रह वेगळा होता. प्रत्येक स्ट्रक्टची फील्ड पॅकेजच्या आत दडवावीत, बाहेरून कोणालाही स्ट्रक्ट थेट भरता येऊ नये आणि सगळे कन्स्ट्रक्टरमधूनच जावे, असे ते म्हणत. जावात वाढलेल्या माणसाला हे स्वाभाविक वाटते. यात शिस्त आहे, हे मी नाकारत नाही. परंतु गोची स्वतःची धाटणी याच्या उलट आहे. बाइट्स पॅकेजमधील बफर किंवा सिंक पॅकेजमधील म्यूटेक्स नुसते जाहीर केले की लगेच वापरता येतात. त्यांच्या शून्य किमतीलाच, म्हणजे काहीही न भरता मिळणाऱ्या अवस्थेलाच, अर्थ दिलेला आहे. ज्या स्ट्रक्टला जपण्यासारखा कोणताही नियम नाही त्याच्यावर कन्स्ट्रक्टर लादला, तर वाचणाऱ्याला आत काहीतरी महत्त्वाचे घडत असावे असे वाटते. सगळीच दारे बंद ठेवली की कोणत्या दारामागे खरेच काही आहे ते कळत नाही. या मुद्द्यावर आमची चर्चा सर्वांत लांबली आणि त्यांना माझे म्हणणे पूर्णपणे पटले असे म्हणता येणार नाही; एक हंगाम करून पाहू, एवढे त्यांनी मान्य केले.

तिसरा पर्याय फंक्शनल ऑप्शनचा. २०१४ साली गोच्या रचनाकारांपैकी एक रॉब पाइक यांनी ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी गो प्रोग्रामर डेव्ह चेनी यांनी ती कन्स्ट्रक्टरसाठी विस्ताराने समजावली. ‘न्यू’ला हवे तेवढे ‘विद’ने सुरू होणारे ऑप्शन द्यायचे, न दिलेल्या गोष्टींना मूळ किंमत मिळते आणि पुढे नवा ऑप्शन वाढवला तरी जुने कॉल मोडत नाहीत. बाहेरच्या लोकांनी वापरायच्या लायब्ररीसाठी ही रचना उत्तम आहे. आमचा कोड मात्र आम्हीच वापरतो. दोन फील्डसाठी दोन फंक्शन आणि एक नवा टाइप लिहिणे आम्हाला जड वाटले. त्याऐवजी साधा कॉन्फिग (सेटिंगचा) स्ट्रक्ट घ्यावा असे ठरले, ज्यात फील्डचे नाव कॉलच्या ठिकाणीच डोळ्यांना दिसते. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली.

शेवटी जे ठरले त्याचा गाभा असा: नाव ठरवताना काय तयार होते याच्याइतकेच, तयार करताना काय घडते हेही पाहायचे. ‘न्यू’ फक्त स्मृतीत वस्तू रचेल. ते नेटवर्कवर जाणार नाही, फाइल उघडणार नाही, गोरूटीन सुरू करणार नाही, आणि त्याने दिलेले टाकून दिले तरी काही बिघडणार नाही. जे बंद करावे लागते ते ‘ओपन’ किंवा ‘डायल’ या नावाने येईल, कारण ‘ओपन’ वाचले की ‘क्लोज’ कुठे आहे असा प्रश्न मनात उठतो. मजकुरातून वस्तू बनवायची असेल तर ‘पार्स’. चूक झाल्यास पॅनिक होणारे (एरर न देता प्रोग्रामच थांबवणारे) ‘मस्ट’, तेही रेग्युलर एक्स्प्रेशनच्या ‘मस्टकंपाइल’सारखे, प्रोग्राम सुरू होतानाच्या ठरावीक किमतींपुरते. आणि शून्य किंमत चालत असेल तर कन्स्ट्रक्टर नाहीच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. प्रमाणित लायब्ररीतील एसक्यूएल पॅकेजचे ‘ओपन’ प्रत्यक्ष जोडणी लगेच करत नाही. पहिले कनेक्शन गरज पडल्यावर होते. तरी ते नाव योग्यच आहे असे माझे मत आहे, कारण परत मिळालेला पूल ही सांभाळण्याची आणि बंद करण्याची वस्तू आहे, आणि तेच त्या नावातून कळते.

केलेली कृती

‘न्यूकॅचस्टोअर’चे तीन तुकडे झाले. स्टोअर पॅकेजमधील ‘न्यू’ आता तयार पूल घेते आणि स्टोअरचा पॉइंटर देते, एरर देत नाही, कारण त्यात चुकण्यासारखे काही उरलेले नाही. ‘ओपन’ कॉन्टेक्स्ट (काम रद्द करण्याचा इशारा पोहोचवणारी वस्तू) व कॉन्फिग घेते, पूल उघडते, पिंग करते, पूलच्या कनेक्शनला वरची मर्यादा घालते आणि एरर देऊ शकते. बाजारभाव ताजे करणारे गोरूटीन कन्स्ट्रक्टरमधून काढून ‘रन’ या मेथडमध्ये नेले. ते ‘मेन’मध्ये उघडपणे सुरू होते आणि कॉन्टेक्स्ट रद्द झाला की थांबते. याचा अनपेक्षित लाभ टेस्टमध्ये झाला. पूर्वी एखादी साधी बेरीज तपासायची तरी खरा डेटाबेस लागे. आता ‘न्यू’ला टेस्टचा पूल दिला की काम भागते.

नावांमधील पुनरुक्तीही काढली. गोमध्ये पॅकेजचे नाव कॉलच्या ठिकाणी नेहमी पुढे असते, त्यामुळे ‘बोट.न्यूबोट’ म्हणजे एकच शब्द दोनदा. पॅकेजमध्ये मुख्य टाइप एकच असेल तर नुसते ‘न्यू’ पुरते, लायब्ररीतील ‘लिस्ट.न्यू’ आणि ‘रिंग.न्यू’ ही त्याची जुनी उदाहरणे. जिथे दोन-तीन टाइप आहेत तिथे टाइपचे नाव ठेवले.

बोटीचा कन्स्ट्रक्टर मात्र आम्ही काढूनच टाकला. ‘न्यूबोट’ला ओळीने तीन स्ट्रिंग (मजकूर) आणि दोन बूलियन (हो-नाही) द्यावे लागत: बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, मालक, आणि पुढे ‘ट्रू, फॉल्स’. दोन ठिकाणी नाव आणि नोंदणी क्रमांक यांची अदलाबदल झालेली सापडली आणि कंपायलरला त्यात काहीच वावगे दिसले नव्हते. आता बोट ही फील्डची नावे लिहून थेट भरायची वस्तू आहे. नोंदणी क्रमांकाला मात्र स्वतःचा टाइप मिळाला, आणि तो साच्यात बसतो की नाही हे ‘पार्स’ तपासते. जपण्यासारखा नियम बोटीत नव्हता, तिच्या क्रमांकात होता.

जुनी फंक्शन एका दिवसात काढली नाहीत. त्यांच्या वर ‘डेप्रिकेटेड’ने (आता वापरू नये) सुरू होणारी कॉमेंट लिहिली, जेणेकरून स्टॅटिकचेक हे साधन प्रत्येक जुन्या कॉलवर बोट ठेवेल. उरलेले कॉल शून्यावर आल्यावरच ती काढली.

परिणाम

कनेक्शनची तक्रार परत आली नाही. पण नव्या रचनेने स्वतःची एक चूक घडवली, आणि ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

काट्याशी बोलणाऱ्या पॅकेजमध्ये पूर्वी ‘न्यूकाटा’ला पोर्ट आणि रिकाम्या क्रेटचे वजन ओळीने दिले जाई. आम्ही ते कॉन्फिग स्ट्रक्टमध्ये नेले आणि नियम केला की क्रेटचे वजन दिले नसेल तर २ किलो धरावे. जुन्या कोडमध्ये दोन काटे तयार होत होते: एक २ किलोचा, बांगडे-तारल्यांच्या क्रेटसाठी, दुसरा शून्याचा, कारण मोठी इसवण क्रेटमध्ये न घालता आकड्याला लटकवून तोलतात. गोच्या दृष्टीने ‘शून्य दिले’ आणि ‘काहीच दिले नाही’ यांत फरक नाही. त्यामुळे दुसऱ्या काट्यालाही २ किलो लागू झाले. मुनिमांनी वही बंद केलेली नव्हती, म्हणून ते सापडले. काट्याच्या पडद्यावर ११.४ आणि पावतीवर ९.४. त्या सकाळच्या इसवणीच्या सगळ्या पावत्या आम्ही बदलून दिल्या आणि मालकांच्या खात्यात फरक जमा केला.

पहिली सूचना अर्थातच आली की येथे तरी फंक्शनल ऑप्शन घ्यावा; ऑप्शन दिला की नाही हे त्यात निश्चित कळते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. पण चर्चेत नव्या अभियंतीने विचारले की क्रेटचे वजन काट्याचे आहे का? ते नाहीच. क्रेट त्या वजनापुरता असतो. काटा तोच राहतो. जे वस्तूच्या आयुष्यात बदलत नाही तेच कन्स्ट्रक्टरला द्यायचे, आणि जे दर वेळी बदलते ते मेथडला. आता काटा एकच तयार होतो आणि ‘तोल’च्या प्रत्येक कॉलमध्ये क्रेटचे वजन लिहावेच लागते, शून्य असले तरी. ऑप्शन की कॉन्फिग हा वाद त्या ठिकाणी उरलाच नाही.

वेगळे काय करता आले असते

अहवाल तपासताना मी प्रश्न एवढाच विचारला होता की बेरीज बरोबर आहे का. हँडलरमध्ये तयार होणाऱ्या प्रत्येक वस्तूबाबत ‘ही कोण बंद करतो?’ एवढे विचारले असते, तरी ते फंक्शन उघडून पाहावे लागले असते आणि गळती जूनमध्येच सापडली असती. पूलवर वरची मर्यादा आधीपासून असती तरी हे प्रकरण टळले नसते, कारण मर्यादा प्रत्येक पूलला वेगळी लागते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या पहिल्या बैठकीत तोच उपाय पुरेसा मानला जात होता. उपयोगी पडली असती ती एक साधी टेस्ट: हँडलर पन्नास वेळा कॉल करायचा आणि आधी-नंतर गोरूटीनची संख्या पाहायची. ती आता आहे.

शून्य किमतीबाबत आमच्या टेस्ट आंधळ्या होत्या. प्रत्येक टेस्टमध्ये क्रेटचे वजन दोन किंवा तीन असे दिलेले होते. शून्य कोणीच दिले नव्हते. कॉन्फिगमध्ये मूळ किंमत ठरवण्यापूर्वी जेटीवर जाऊन शून्य कधी खरे असते हे मुनिमांना विचारले असते, तर उत्तर पाच मिनिटांत मिळाले असते. हा बदल हंगामाच्या मध्यावर करण्याची घाईही नव्हती. कनेक्शनची दुरुस्ती त्याच दिवशी व्हायला हवी होती. काट्याची पुनर्रचना पुढच्या बंदीपर्यंत थांबू शकत होती.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा आक्षेप अजून कायम आहे, आणि त्यात तथ्य आहे. बोट थेट भरण्याची वस्तू केल्यापासून एकदा मालकाचे फील्ड रिकामे राहून गेले. कन्स्ट्रक्टर असता तर कंपायलरने ते मागितले असते. तो पॅरामीटर रिकामा भरूनही चालला असता, हे माझे उत्तर त्यांना पुरेसे वाटलेले नाही. डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर बंधन घालून आम्ही तूर्त काम भागवले आहे.

उधारीच्या पॅकेजमध्ये ‘गेट’ने सुरू होणारी दोन फंक्शन अजून आहेत, आणि त्यांतील एक नेटवर्कवर जाऊन नवे सत्र उघडते. साळ नदीच्या मुखाजवळील दुसऱ्या जेटीवरील टॅबलेटही तोच कोड वापरत असल्याने चालू हंगामात त्यांना हात लावलेला नाही. त्यांच्या वर डेप्रिकेटेडची कॉमेंट आहे, आणि काम जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी लिहून ठेवले आहे.